जुनी पिकअप घेताय? आधी इंजिन बघा

सेकंड-हँड बोलेरो पिकअपमध्ये दोन प्रकारची डिझेल इंजिनं मिळतात. जुन्या डीआय इंजिनाचा पंप मेकॅनिकल, त्यामुळे तालुक्याचा मिस्त्रीही दुरुस्त करतो. नंतरचं कॉमन रेल इंजिन धूर कमी सोडतं, ॲव्हरेज बरं देतं. पण सेन्सर किंवा इंजेक्टर बिघडला की स्कॅनर लागतो, खर्चही मोठा. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून गावातल्या फेऱ्यांसाठी मी डीआय सुचवेन, रोजच्या लांब पल्ल्याला कॉमन रेल.

बघायला जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगा. सुरू केल्यावर निळा धूर थांबतच नसेल, तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर भसाभसा धूर आला, तर पिस्टन रिंगा बहुधा गेल्यात. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नका.