राजीम : महानदीकाठचे आपले शेजारी गाव

रायपूरहून अभनपूरमार्गे आग्नेयेकडे निघाले की सुमारे ४५ किलोमीटरवर महानदीचा पूल लागतो. अलीकडे नवापारा, पलीकडे राजीम. पैरी आणि सोंढूर या नद्या येथेच महानदीला मिळतात, म्हणून राजीमला छत्तीसगढचा प्रयाग म्हणतात. पुरानी बस्तीतील बहुतेक मराठी कुटुंबांना राजीम माहीत आहे ते माघी पौर्णिमेच्या मेळ्यामुळे. पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत नदीच्या वाळूत माणसांचे गावच वसते. २००५ पासून त्याला राजीम कुंभ म्हणू लागले, २०१९ मध्ये पुन्नी मेळा हे जुने नाव परत आले आणि २०२४ पासून राजीम कुंभ कल्प हे नाव चालू झाले. नावे बदलली, गर्दी तीच राहिली. पण मेळा उठल्यावर जे राजीम उरते, त्याचा इतिहास आपण फारसा पाहत नाही. गणेशोत्सवाच्या निमित्ताने त्याची थोडी ओळख करून घेऊ या.

राजीमचे मुख्य दैवत राजीवलोचन, म्हणजे कमळासारखे डोळे असलेला विष्णू. मध्ये मुख्य मंदिर आणि आवाराच्या चार कोपऱ्यांत वराह, वामन, नृसिंह व बद्रीनारायण यांची छोटी देवळे, अशी मांडणी आहे. मंडपाच्या भिंतीत दोन शिलालेख बसवलेले आहेत. पहिला नलवंशीय राजा विलासतुंग याचा, साधारण इ.स. ७०० च्या सुमाराचा. आपल्या दिवंगत पुत्राला पुण्य लाभावे म्हणून त्याने विष्णूचे मंदिर बांधल्याचे त्यात कोरले आहे. दुसरा लेख कलचुरी संवत ८९६ चा, म्हणजे इ.स. ११४५ चा. रतनपूरचा कलचुरी राजा दुसरा पृथ्वीदेव याचा सामंत जगपाल याने रामाचे मंदिर बांधल्याचे त्यावरून कळते. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे दोन्ही लेख अभ्यासून संपादित करणाऱ्यांत नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी होते. कोकणात जन्मलेल्या या मराठी पंडिताने कलचुरींच्या लेखांचा मोठा संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. छत्तीसगढच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्या कामाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

लेख राजांची नावे सांगतात, गावाचे नाव मात्र लोक एका तेलिणीला देतात. आख्यायिका अशी की, राजीम नावाच्या तेलिणीला नदीत एक शिळा सापडली. ती घरी आणल्यापासून तिच्या तेलाचे भांडे रिकामे होईना. राजाला कळले तेव्हा त्याने देवळासाठी ती मूर्ती मागितली. तिने दिली, पण देवाच्या नावाशी आपले नाव जोडले जावे एवढी अट घातली. ही कथा शिलालेखात नाही. पण मंदिराच्या आवारात तेलिन मंदिर उभे आहे आणि राजीम माता म्हणून साहू समाज तिची जयंती साजरी करतो. राजीवलोचनाची पूजा परंपरेने क्षत्रिय पुजारी करतात, हेही या देवस्थानाचे वेगळेपण.

याच मुलखातील आणखी एक लेख येथे आठवतो. महासमुंदजवळच्या खल्लारी येथे १४१५ साली नारायणाचे मंदिर बांधले गेले, त्या वेळी रायपूरच्या कलचुरी शाखेचा ब्रह्मदेव राज्य करीत होता. मंदिर बांधणाऱ्याचे नाव देवपाल, आणि तो जातीने मोची होता, असे लेखच सांगतो. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी या भागात एक मोची विष्णूचे देऊळ बांधू शकत होता. पुढच्या काळात मात्र त्याच्यासारख्यांना देवळाच्या पायरीशी थांबवले गेले.

ही पायरी ओलांडण्याचे काम राजीमच्याच एका सुपुत्राने हाती घेतले. पंडित सुंदरलाल शर्मा यांचा जन्म १८८१ साली राजीमजवळच्या चमसूर गावी झाला. छत्तीसगढी भाषेत 'दानलीला' लिहिणारे कवी म्हणून ते ओळखले जातात. १९२० मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावी कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यात त्यांच्याबरोबर छोटेलाल श्रीवास्तव आणि आपले नारायणराव मेघावाले होते. १९२५ मध्ये शर्माजींनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना बरोबर घेऊन राजीमच्या मंदिरात प्रवेशाची चळवळ केली. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाला हे सोपे नव्हते, स्वजातीयांचा रोष त्यांनी पत्करला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, म्हणजे राजीमची ही घटना त्याच्या पाच वर्षे आधीची. १९३३ मध्ये हरिजन यात्रेत गांधीजी रायपूरला आले, तेव्हा आपल्या पुरानी बस्तीतील जैतूसाव मठातही त्यांचे पाऊल लागले. या कार्यात शर्माजी आपल्याही पुढे आहेत, असे गांधीजींनी मानल्याची आठवण छत्तीसगढात आजही सांगतात. १९४० मध्ये शर्माजी गेले.

राजीमचे दुसरे मोठे मंदिर कुलेश्वर महादेवाचे. ते थेट संगमात, उंच अष्टकोनी दगडी जोत्यावर उभे आहे. पुराचे पाणी जोत्याला घासून बाजूने निघून जाते, देऊळ टिकून राहते. लोक सांगतात, पाणी चढले की कुलेश्वर काठावरच्या मामाला हाक मारतो आणि पूर ओसरतो. म्हणून तिथे मामा-भाचे एका नावेत बसत नाहीत. पावसाळ्यात हा दरारा, आणि माघात तीच नदी वाळूचे मैदान होते. वरच्या अंगाला धमतरीकडे महानदीवर गंगरेलचे धरण आहे. आता मेळ्यात स्नानासाठी धरणांतून पाणी सोडावे लागते.

एके काळी अभनपूरहून छोट्या रेल्वेचा फाटा राजीमपर्यंत जात असे. ती गाडी बंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूर-राजीम मोठ्या रुळांची गाडी सुरू झाली. तेव्हा लांब आहे ही सबब आता उरली नाही. मेळ्याची गर्दी नसताना एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जावे. मंडपातील दोन लेख दाखवावेत, तेलिन मंदिरापुढे क्षणभर थांबावे आणि १९२५ साली काय घडले ते त्यांना सांगावे.

आपण आपल्या उत्सवाला सार्वजनिक म्हणतो. १८९३ पासून लोकमान्यांनी तो घराघरांतून चौकात आणण्यासाठी जिवाचे रान केले, तेव्हा या शब्दाचा अर्थ सर्वांचा असाच होता. आरतीला मंडपात कोण येते, प्रसादाच्या पंगतीत कोण वाढते आणि वर्गणीच्या यादीबाहेर वस्तीतले कोणते घर राहून जाते, हे समितीने दर वर्षी एकदा तपासून पाहावे. तेलिणीचे नाव मिरवणाऱ्या गावाच्या शेजारी राहणाऱ्यांनी एवढे तरी करायलाच हवे.

गणपती बाप्पा मोरया!