शंभर रुपयांच्या कपातीची कुळकथा

लोकसभेत खात्यांच्या मागण्या चर्चेला आल्या की विरोधी बाकांवरून कपात सूचना येतात. हजारो कोटींच्या मागणीतून फक्त १०० रुपये कमी करा, असे त्यात म्हटलेले असते. तेवढ्याने खर्चात काही फरक पडत नाही, पण त्या निमित्ताने सदस्याला त्या खात्याविषयीची एखादी नेमकी तक्रार मांडता येते. मागणी १ रुपयावर आणा, अशी सूचना असेल तर तो त्या खात्याच्या धोरणालाच नकार असतो. अमेरिकेत अंदाजपत्रकावरून दोन पक्ष अडून बसले की सरकारी कार्यालये बंद पडतात. २०१८-१९ मध्ये ती ३५ दिवस अंशतः बंद होती. आपल्याकडे मात्र कपात सूचना मंजूर झाली, तर सरकारने बहुमत गमावले असे मानतात.

सरकारच्या खर्चावर मत देण्याचा हा हक्क कुणी आयता हाती दिलेला नाही. त्याचे मूळ शोधू लागले की वाट पुण्याला येते.

हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये मांडला. पुढची तीस वर्षे नव्या करासाठी कायदा करायचा असेल, तेवढ्यापुरतीच कौन्सिलात चर्चा होई. १८९२ च्या कायद्याने वार्षिक हिशेबावर बोलण्याची मुभा मिळाली. ठराव मांडण्याची नाही, मत देण्याची तर नाहीच. सभासदांनी भाषणे करायची, सरकारने ऐकून घ्यायची आणि आकडे जसेच्या तसे राहायचे.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात नामदार गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले ते याच चौकटीत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी केलेला हा माणूस अवघ्या पस्तीस वर्षांचा होता. आकडेमोडीत गणेश व्यंकटेश जोशी यांची साथ त्यांना होती. तिजोरीत मोठी शिल्लक पडली म्हणून सरकारचे अभिनंदन चालले होते. त्यात सामील होण्यास गोखल्यांनी नकार दिला. दुष्काळ आणि प्लेगने रयत पिचलेली असताना शिल्लक उरते, याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त कर उकळला जातो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. तो १९०३ मध्ये २ रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपयावर आला. हाती एकही मत नसताना वर्षानुवर्षे लावून धरलेल्या युक्तिवादाचा त्यात मोठा वाटा होता.

१९०९ च्या कायद्याने ठराव मांडता येऊ लागले, पण ते सरकारवर बंधनकारक नव्हते. १९१९ च्या कायद्याने काही मागण्या मतदानाला आल्या; लष्कराचा खर्च मात्र मताबाहेरच राहिला आणि नाकारलेले मंजूर करून घेण्याचा अधिकार व्हाइसरॉयच्या हाती राहिला. १९२३ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी तो वापरला आणि विधिमंडळाचा विरोध डावलून मिठाचा कर पुन्हा अडीच रुपयांवर नेला.

त्याला उत्तर मिळाले १९२४ च्या मार्चमध्ये. मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्षाने दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात पहिल्या चार मागण्या फेटाळल्या आणि वित्त विधेयक मांडायलाही परवानगी नाकारली. पुण्याचे नरसिंह चिंतामण केळकर त्याच सभागृहात होते. व्हाइसरॉयने विधेयक स्वतःच्या अधिकारात मंजूर केले, पण मिठाचा कर सव्वा रुपयावर उतरला. तिकडे नागपुरात मध्य प्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. तिथे मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये ठरवला गेला आणि मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

स्वातंत्र्याबरोबर व्हाइसरॉयचा तो अधिकार संपला. आज लोकसभेने होकार दिल्याशिवाय केंद्राला तिजोरीतून खर्च करता येत नाही. पण हक्क मिळाला म्हणून तो वापरला जातोच असे नाही. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने गदारोळात, चर्चेविना, काही मिनिटांत सगळ्या मागण्या मंजूर केल्या. २०२३ मध्येही तेच घडले. खुद्द पुण्यात नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२३, २०२४ आणि २०२५ चे महापालिकेचे अर्थसंकल्प प्रशासकांनीच मांडले आणि त्यांनीच मंजूर केले. कोणत्या पेठेला पाणी, कोणत्या उपनगराला रस्ता, याचा जाब मुख्य सभेत विचारायला कुणी निवडून आलेले नव्हते.

अर्थसंकल्पावरून पक्ष भांडतात याचे वाईट वाटून घेऊ नये; लोकांच्या पैशावर भांडण व्हायलाच हवे. वाईट आहे ते न बोलता हात वर करणे आणि घोषणा देत सभागृह बंद पाडणे. पहिल्याने सत्ताधारी सुटतात, दुसऱ्यानेही सत्ताधारीच सुटतात. गोखल्यांना मत नव्हते, तरी त्यांनी सरकारचे हिशेब उलगडून रयतेची बाजू मांडली. आपल्या प्रतिनिधींना मत आहे. आपल्या खासदाराने, आमदाराने, नगरसेवकाने यंदा कोणत्या खात्याचा हिशेब तपासला आणि कोणती कपात सुचवली, हे आपण मतदारांनी दर मार्चमध्ये विचारले पाहिजे.