लष्करी ट्रकाचं घर होतं तेव्हा

निवृत्त झालेल्या जवानाला पेन्शन मिळते. निवृत्त झालेल्या ट्रकच्या नशिबी लिलाव येतो. डेपोच्या आवारात रांगेनं उभ्या केलेल्या गाड्या, कुणाचे टायर बसलेले, कुणाच्या चाकांतून गवत वर आलेलं. नंबरप्लेटवर आपल्या गाड्यांसारखी राज्याची अक्षरं नसतात. वर तोंड केलेला एक बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग क्रमांक. बोली लावणाऱ्यांत बहुतेक भंगारवाले. त्यांचा हिशेब साधा असतो : लोखंड किती, पितळ किती, टायर चालण्यासारखे आहेत का. पण अधूनमधून एखादं वेगळंच गिऱ्हाईक येतं. त्याला ती गाडी कापायची नसते, चालवायची असते. नुसतं चालवूनही त्याचं भागत नाही; तिच्या पाठीवर खोली बांधून त्यात राहायचं असतं. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, एक खिडकी. अशा गाडीला कॅम्पर म्हणतात आणि आपल्याकडे हे फिरंगी खूळ समजलं जातं. मला तसं वाटत नाही. हे खूळ असलंच तर आपल्याकडे ते बरंच जुनं आहे, आपण त्याला नाव दिलं नाही इतकंच.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धापासून सुरू करावी लागते. त्या युद्धात कॅनडासारख्या लहान लोकसंख्येच्या देशानं आठ लाखांहून अधिक लष्करी वाहनं बनवली. त्यातले चार लाखांच्या वर ट्रक एकाच पठडीतले, फोर्ड आणि शेव्हरोले कंपन्यांनी मिळून बनवलेले. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. दिसायला हा ट्रक देखणा नव्हता. जहाजात कमी जागा व्यापावी म्हणून त्याचं नाक चपटं ठेवलेलं, त्यामुळे इंजिन थेट ड्रायव्हरच्या मांडीशेजारी आलेलं. नंतरच्या नमुन्यांत समोरची काच वरच्या बाजूनं पुढे झुकवलेली होती; वरून जाणाऱ्या विमानाला तिची चकाकी दिसू नये हा हेतू. अमेरिकेचा जीएमसी कंपनीचा अडीच टनी, सहा चाकांवर ताकद जाणारा ट्रक साडेपाच लाखांहून जास्त तयार झाला आणि जीप सहा लाखांवर गेल्या.

यातल्या किती तरी गाड्या हिंदुस्थानात उतरल्या. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत रस्ता बांधला गेला. त्यावरून पहिला तांडा जानेवारी १९४५ मध्ये निघाला, ११३ वाहनांचा, आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. सहा-सात महिन्यांत युद्धच संपलं. मग प्रश्न आला, या गाड्यांचं करायचं काय? परत नेणं परवडणारं नव्हतं. सरकारनं त्या विकायला काढल्या. पश्चिम बंगालमधल्या पानागढला अमेरिकनांचा मोठा तळ होता. तिथे जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा जो बाजार भरला तो पुढे कित्येक दशकं हलला नाही. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या पिढीच्या तोंडी रुळला. आमच्या घरात अब्बा कुठल्याही मजबूत वस्तूला, अगदी पाण्याच्या डब्यालाही, ‘डिस्पोजलचा आहे’ म्हणायचे, आणि ती तारीफ असायची.

याच सुमारास, १९४५ साली, ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची कंपनी निघाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं आणि युद्धात नावारूपाला आलेली जीप मुंबईत जोडली जाऊ लागली. पाटीवरचं एक नाव सीमेपलीकडे गेलं, गाडी इथे राहिली.

फाळणीच्या त्या महिन्यांत लष्करी ट्रकांनी जे वाहून नेलं ते कुठल्याही युद्धात वाहिलं नसेल. १९४७ च्या सप्टेंबरात दोन्ही बाजूंच्या लष्करांनी निर्वासितांना हलवण्यासाठी खास यंत्रणा उभारल्या. बंदुका आणि धान्याची पोती नेण्यासाठी बनवलेल्या हौद्यात कुटुंबंच्या कुटुंबं बसली. सोबत ट्रंका, वळकट्या, कुणाची शिलाई मशिन. त्या काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी त्यांना दुसरं घर नव्हतं, तो हौदाच घर होता. आपल्याकडे कल्याणला युद्धकाळात लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. सैनिकांच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या, तिथे सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. एकेका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या पाडल्या गेल्या. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथल्या पत्त्यांत आजही ‘बराक नंबर’ येतो. लष्कराची वस्तू घराच्या कामी आणणं ही हौस नसते, गरज असते, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी तो पत्ता वाचावा.

गरजेतूनच आमच्या तालुक्याच्या जत्रेत आणि उरुसात तंबूचा सिनेमा यायचा. त्याच्या मालकाचा ट्रक मिलिटरीतला होता असं तो स्वतः सांगायचा. खरं-खोटं तो जाणे, पण बांधणी तशीच होती. प्रोजेक्टर ट्रकच्या पाठीवरच बसवलेला. फाळक्याशेजारी भोक पाडून तिथून उजेडाचा झोत तंबूत सोडलेला. खेळ संपला की त्याच मशिनच्या पायाशी ऑपरेटर पथारी पसरायचा. फिल्मच्या डब्यांवर डोकं, खिळ्याला आरसा, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात हे जुनाट ट्रक आणि त्यांतले अवाढव्य प्रोजेक्टर शेवटच्या धुगधुगीनिशी दिसतात. तमाशाच्या फडांचंही तसंच. नारायणगावला हंगामात राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात आणि मग महिनोन् महिने फडाचा मुक्काम गाडीत. रात्री वग, पहाटे गाडी सुटते. पेट्यांच्या वर अंथरूण घालून, लेकरू पोटाशी घेऊन झोपलेल्या बाईला तुम्ही कॅम्परवर भाषण दिलंत तर ती तुमच्याकडे कीव करून पाहील.

असो. ट्रककडे वळू. स्वतंत्र हिंदुस्थानच्या लष्कराकडे पन्नाशीच्या दशकातही महायुद्धातल्याच गाड्या होत्या, थकलेल्या आणि सुट्या भागांना महाग. तेव्हा जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि १९५९ मध्ये जबलपूरच्या सरकारी कारखान्यातून पहिला ‘शक्तिमान’ बाहेर पडला. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. तीन टनी, डिझेलवर चालणारा, चारही चाकांना ताकद देणारा, पुढे नाक काढून उभा राहणारा हा ट्रक १९९६ पर्यंत बनत राहिला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तो होता. पुरात, भूकंपात लोकांनी लष्कर येताना पाहिलं ते बहुधा याच नाकाच्या मागून. जबलपूरहूनच जोंगाही आली. निस्सानच्या गाडीची ही देशी आवृत्ती. तिचं नावच जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातली अक्षरं जोडून केलेलं. महेंद्रसिंग धोनीनं २०१९ मध्ये रांचीच्या रस्त्यावर अशी एक जोंगा बाहेर काढली तेव्हा तरुण मुलांना तिचं नाव कळलं.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी शक्तिमान चालवला. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका दलालाकडून असाच लिलावातला ट्रक घेतला. गाडी चालवणं मला येत नाही, त्यामुळे मी आपला गॅरेजात चहा पीत बघायला जायचो. इंजिन जाम होतं. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी कशालाही हात लावला नाही. नोजल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि म्हणाले, ‘‘आठ दिवस पिऊ द्या त्याला.’’ आठ दिवसांनी दांड्यानं हलके हलके फिरवलं तर पिस्टन सुटले. सुभेदारांचे डोळे भरून आले, त्यांनी ते ऑइलच्या हातानं पुसले आणि मग दिवसभर तसेच काळ्या तोंडानं वावरले. त्यानंतर ब्रेकचे सिलिंडर, रबरं, पाटे, रेडिएटर, सगळी वायरिंग. केबिनचा पत्रा खालून कुजलेला होता, तो कापून नवा वेल्डिंग केला. रंग खरवडताना हिरव्याखाली हिरवा, त्याखाली मातकट असे थर निघत गेले. एका जागी कुठल्याशा तुकडीची पुसट खूण दिसली, तर सुभेदारांनी तिथला खरवडणारा हातच धरला. ‘‘एवढं राहू द्या, उस्ताद.’’

खरा पेच पुढे आला. सुभेदारांना ट्रक होता तसा हवा होता, हौदा, फाळका, ताडपत्रीच्या कमानींसकट. घरातून मात्र वेगळी मागणी झाली. त्यांच्या पत्नी गॅरेजात आल्या, ट्रकला एक फेरी घातली आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही जन्मभर हिच्यात राहिलात आणि मी तुमच्या पत्रांची वाट बघत घरात. आता मलाही हिच्यात राहायचंय. खिडकी हवी.’’ सुभेदारांकडे यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

जर्मनीत हा प्रश्न फार लोकांना पडतो. तिथे लष्कराचे जुने मान, मॅगिरस आणि उनिमोग सरकारी लिलावातून विकत घेऊन त्यांची फिरती घरं करायची मोठी परंपरा आहे. उनिमोगचा एक लष्करी नमुना १९५५ पासून १९८० पर्यंत साठ हजारांहून अधिक संख्येनं बनला. त्याच्या पाठीवरची रेडिओची किंवा दवाखान्याची पेटी जणू खोली व्हायलाच जन्माला आली होती. तिथे तीस वर्षांहून जुन्या गाडीला १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते. आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट ही की गाडीच्या उमेदीच्या काळात होत असत तशा प्रकारचे बदल चालतात. म्हणजे बदलालाही इतिहास मानलं जातं.

आपला नियम वेगळा आहे. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी लागते; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात मालकाला आपल्या मर्जीनं बदल करता येत नाही. मालवाहू गाडीचं घर करायचं तर परवानगी आणि नोंदीतला बदल हवा. यामागचं कारण मला मान्य आहे. वर जड खोली ठोकलेला ट्रक घाटात कलंडला तर त्यात सुभेदार एकटेच नसतात. पण याच महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. नवी कोरी कॅरॅव्हॅन हवी आणि जुन्या ट्रकचं घर मात्र संशयास्पद, हे मला पटत नाही. वजन करा, ब्रेक तपासा, नापास असेल तर नापास करा. मूळ रूप म्हणजे नेमकं कुठल्या दिवशीचं रूप, हे तरी सांगा. कारखान्यातून निघाली त्या दिवशीचं, की पुरातून माणसं काढली त्या दिवशीचं?

वाट मिस्त्रींनी काढली. ते म्हणाले, हौद्याला हात लावायचा नाही. वेगळी पेटी बनवायची, हौद्यात बसणारी आणि उचलून काढता येणारी. मग त्यांनी मला समजावलं की अशा ट्रकची चासी ताठ नसते, मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर गेलं की ती ओल्या फडक्यासारखी पिळते आणि म्हणूनच चारी चाकं जमीन सोडत नाहीत. तिच्यावर चार कोपरे आवळून पेटी बसवली तर पेटीच्या भिंती तडकणार. म्हणून पेटी तीन ठिकाणी टेकवायची, त्यातली एक जागा झुलती. ‘‘खाट डुगडुगते, तिपाई कधी डुगडुगली का?’’ एवढ्यात सगळं शास्त्र आलं. पाण्याची टाकी खाली आणि मधोमध. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, ते वर ठेवलं तर वळणावर गाडी ओढते. पत्र्याला आतून अस्तर हवंच, नाहीतर पावसाळ्यात आत झोपलेल्या माणसाच्या श्वासाचंच पाणी होऊन छतातून ठिबकतं.

पेटी तयार झाली आहे. साडेनऊ फूट लांब, डावीकडे बिछाना, उजवीकडे ओटा, आणि खिडक्या एक नव्हे, तीन. सुभेदारांनी रंग हिरवाच दिला, पडदे पत्नीनं निवडले. अर्ज दिलेला आहे, दोनदा तपासणी झाली आहे, एक कागद कमी पडतो आहे. तोवर पेटी गॅरेजाच्या मागे विटांवर ठेवलेली असते आणि ट्रक शेजारी उभा. कागद हातात येईपर्यंत दोन्ही एकमेकांना जोडायचे नाहीत असं ठरलंय. दुपारी सुभेदारांच्या पत्नी डबा घेऊन येतात आणि दोघं त्या विटांवरच्या घरात बसून जेवतात.