संग्रहणीपासून वॉकर्टनपर्यंत

तपासणीत आतड्याला ना व्रण सापडतो ना गाठ, रक्ताचे अहवालही निर्दोष येतात. तरी जेवण उरकते न उरकते तोच मुरडा सुरू होतो, चार दिवस जुलाब तर चार दिवस बद्धकोष्ठ. आज या दुखण्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. त्याच्या कारणांचा माग काढत आपण निघालो, तर थेट सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रापाशी पोहोचतो. अतिसार थांबला, पण अग्नी मंद असतानाच ज्याने पथ्य मोडले, त्याची ग्रहणी बिघडते, असे तिथे सांगितले आहे. ग्रहणी किंवा संग्रहणी म्हणजे आजचा हाच विकार, असे म्हणणे घाईचे होईल. त्या एका नावाखाली कितीतरी वेगळे रोग येत असणार. पण आधी हगवण आणि मग कायमचे नाजूक पोट, हा क्रम त्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

युरोपात 1849 मध्ये विल्यम कमिंग यांनी एकाच रुग्णाला कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ होत असल्याची नोंद केली आणि याचा उलगडा आपल्याला होत नाही, हेही मोकळेपणाने लिहिले. पुढे 1892 मध्ये विल्यम ऑस्लर यांनी शेम पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन करताना त्यांच्या हळव्या, चिंतातुर स्वभावावर बोट ठेवले. तिथून मनाचे पारडे जड झाले. न्यूयॉर्कच्या थॉमस आल्मी यांनी 1940 च्या दशकात मानसिक ताणाने मोठे आतडे कसे आवळते, हे प्रत्यक्ष पाहून दाखवले. ते निरीक्षण खरेच होते. पण त्याचा आधार घेऊन पुढे रुग्णालाच दोषी धरले गेले, हा अन्याय होता. 1962 मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रूलव्ह यांनी 130 रुग्णांचा इतिहास तपासला, तेव्हा सुमारे चौथ्या भागात दुखण्याची सुरुवात आमांशासारख्या संसर्गाने झालेली आढळली.

या निरीक्षणाला भक्कम पुरावा मिळाला तो एका दुर्घटनेतून. मे 2000 मध्ये कॅनडातील वॉकर्टन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावात मुसळधार पाऊस झाला. गुरांच्या शेणाचे जंतू नळयोजनेच्या विहिरीत उतरले आणि क्लोरीन अपुरे पडले. ई. कोलाय व कॅम्पिलोबॅक्टर यांनी दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, 7 जण दगावले. दोन-तीन वर्षांनी संशोधकांनी गावकऱ्यांची पाहणी केली. ज्यांना त्या वेळी संसर्गाचे जुलाब झाल्याचा वैद्यकीय अंदाज होता, त्यांच्यापैकी सुमारे 36 टक्क्यांना हा विकार जडला होता. जे त्या वेळी आजारी पडलेच नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 10 टक्के होते. आठ वर्षांनंतरही आजारी पडलेल्यांपैकी सुमारे 15 टक्के लोक त्रास काढत होते.

संसर्ग ओसरल्यावर मागे काय उरते, याचे एक उत्तर 2021 मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातून आले. उंदरांना जंतुसंसर्ग झाला असतानाच अंड्यातले प्रथिन खाऊ घातले. संसर्ग गेला, पण पुन्हा तेच प्रथिन पोटात जाताच आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट पेशी चेतल्या, त्यांतून पाझरलेल्या हिस्टामिनने वेदनेच्या नसा संवेदनशील झाल्या. ही ॲलर्जी फक्त आतड्यापुरती होती, रक्तात तिचा मागमूस नव्हता. प्रत्येक रुग्णाचे कारण हेच, असे नाही. ताण, आहार, आतड्यातील जंतूंचा बिघडलेला तोल हेही कारणीभूत ठरतात. तरी अशा रुग्णाला ‘मनाला लावून घेऊ नका’ एवढे सांगून परत पाठवू नये. हा त्रास सुरू होण्याआधी मोठे जुलाब झाले होते का, हे त्याला आवर्जून विचारावे.