खापर आईवरच का?

मुलाच्या दुखण्याचे खापर आईवर फोडण्याची रीत मी घरोघरी पाहिली आहे. विज्ञानाच्या इतिहासातही असे एक वळण येऊन गेले.

१९५१ साली लंडनला डेनिस ली या डॉक्टरांनी सात महिन्यांच्या बाळाचा एक मेंदूविकार नोंदवला. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या बिघाडाशी त्याचे नाते पुढे उलगडले. १९६३ मध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास यांना मायटोकॉन्ड्रियात स्वतंत्र डीएनए दिसला. १९८१ मध्ये केंब्रिजला माणसातल्या या डीएनएची १६,५६९ अक्षरे वाचून झाली. हा डीएनए आईकडूनच येतो. म्हणजे दोषही आईचाच, असे कुणालाही वाटावे.

पण त्यात जनुके अवघी ३७. मायटोकॉन्ड्रियाला लागणाऱ्या हजाराहून अधिक प्रथिनांचा मजकूर पेशीकेंद्रात असतो आणि तो आईवडील दोघांकडून मिळतो. १९९५ मध्ये पॅरिसच्या संशोधकांना ली यांचाच विकार असलेल्या दोन बहिणींत केंद्रातल्या जनुकाचा दोष सापडला. लहानपणीच्या अशा आजारांत बहुतेकदा हेच घडते: धडधाकट आईवडिलांकडून एकेक सदोष जनुक येते आणि बाळाच्या वाट्याला दोन्ही येतात.

आणि काही मुलांना ते आईकडूनच आले, तरी त्यात तिचा अपराध कोणता? अशा घरी गेलात, तर एवढे जरूर सांगा.