७. ‘एच. ए.’चे पेनिसिलिन
‘एच. ए.’ म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरी. वाकडहून काळेवाडीमार्गे पवना नदी ओलांडली की पलीकडच्या भागात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापना, १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू. पेनिसिलियम बुरशी सिस्टीन व व्हॅलिन या अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्याच घटकांपासून, या रेणूचा गाभा घडवते. त्यातले चार अणूंचे ताणलेले कडे चटकन उघडते आणि जिवाणूची पेशीभित्तिका विणणाऱ्या एन्झाइमला कायमचे चिकटते. भित्तिका अपुरी राहून वाढता जिवाणू फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनसाठी ‘विष’ हा शब्द जिवाणूंपुरताच खरा. ॲलर्जीची गोष्ट निराळी.