शीतगृहातले दिव्याचे बटण : कोठे बसवावे, कसे तपासावे

नागपूर - पूर्व नागपुरातील कळमना येथील पंडित जवाहरलाल नेहरू बाजार आवारात मिरचीची आवक वाढली की कळमना व भंडारा मार्गाच्या परिसरातील शीतगृहेही भरू लागतात. छतापर्यंत रचलेल्या पोत्यांच्या थप्प्या, त्यांच्यामधून गेलेली अरुंद वाट आणि बाहेरून ओढले जाणारे जाड दार, असे या खोल्यांचे स्वरूप असते. थप्पीमागे एखादा हमाल असताना दार लागले आणि बाहेरच्या माणसाने सवयीने दिवाही मालविला, तर आत मिट्ट काळोख होतो. जाड भिंती आवाज बाहेर जाऊ देत नाहीत. अशा वेळी अडकलेल्याला भिंतीवरची एकच वस्तू दिसावी अशी अपेक्षा असते, ती म्हणजे प्रकाशणारे बटण.

'इल्युमिनेटेड पुशबटण' या नावाने बाजारात मिळणारी ही वस्तू म्हणजे एकाच घरात बसविलेली दोन स्वतंत्र उपकरणे आहेत. एक दाबला जाणारा संपर्क आणि दुसरा दिवा. दोघांची जोडणी वेगळी आणि विद्युतदाबही वेगळा असू शकतो. संपर्काच्या टोकांवर १-२ किंवा ३-४ असे आकडे असतात. पहिली जोडी एरवी जोडलेली असते आणि दाबल्यावर तुटते, दुसरीचे उलट. दिव्याच्या टोकांवर एक्स-१ व एक्स-२ अशा खुणा असतात. या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यानेच निम्म्याहून अधिक घोटाळे होत असावेत. २४ व्होल्टचा एलईडी २३० व्होल्टवर जोडला की तो क्षणात जातो. उलट, दिवा पेटलेला दिसतो म्हणून बटणही चालू आहे असे गृहीत धरले जाते आणि संपर्काची तार महिनोन्‌महिने सुटलेली राहते.

जमिनीलगत का?

शीतयंत्रणेच्या सुरक्षिततेविषयीच्या ईएन ३७८ या युरोपीय मानकात, आत अडकलेल्या माणसाने मदत मागण्यासाठी जमिनीजवळ बसविलेले प्रकाशमान बटण किंवा जमिनीपर्यंत लोंबणारी साखळी सुचविली आहे. बटण छातीच्या उंचीवर असावे असे कोणालाही प्रथम वाटेल. परंतु पोते अंगावर पडून जखमी झालेला किंवा थंडीने गळून गेलेला माणूस उभा राहीलच असे नाही. सरपटत आलेल्याचाही हात पोहोचावा, असा यामागचा विचार आहे. मिरचीसाठी राखल्या जाणाऱ्या ५ ते ८ अंश सेल्सियस तापमानात घामाने भिजलेल्या सुती सदऱ्यानिशी रात्र काढणे हा जिवाशी खेळ आहे, हे मे महिन्यात बाहेर ४५ अंशांचे ऊन असताना सहसा ध्यानात येत नाही. दार आतूनही उघडता येणे ही मूळ गरज आहेच. बटण हा तिचा पर्याय नव्हे.

जमिनीलगतच्या जागेला स्वतःचे धोके आहेत. हातगाड्यांची चाके व पोत्यांचे कोपरे तेथेच आदळतात, खोली धुताना पाणीही तेथेच साचते. त्यामुळे बटणाभोवती लोखंडी कडे हवे, मात्र ते तळहात सहज आत जाईल इतके मोकळे असावे. बटणासमोर माल रचला जाऊ नये म्हणून फरशीवर रंगाचा पट्टा आखणे इष्ट.

सर्वांत गंभीर चूक मात्र दिव्याच्या जोडणीत होते. जवळ आहे म्हणून बटणाच्या दिव्याला खोलीतल्या दिव्यांच्याच कळीवरून वीज दिली जाते. परिणामी बाहेरून खोलीचा दिवा मालविताच बटणही अंधारात बुडते. म्हणजे ज्या क्षणासाठी ते बसविले, त्याच क्षणी ते नाहीसे होते. बटणाचा दिवा आणि गजर यांना स्वतंत्र, बॅटरीचा आधार असलेला २४ व्होल्ट डीसी पुरवठा असावा. वीज जाणे हे अडकण्याचे कारणही असू शकते. गजराचे मंडल १-२ या, एरवी जोडलेल्या संपर्कातून नेल्यास आणखी एक लाभ होतो. तार कोठे तुटली तरी भोंगा वाजतो आणि बिघाड तत्काळ कळतो. तो भोंगा माणसाची सतत उपस्थिती असेल अशा ठिकाणी हवा. रात्री कुलूप लागणाऱ्या कार्यालयात बसविलेला गजर निरुपयोगी ठरतो.

रंगांचा घोळ

यंत्रांच्या विद्युतसुरक्षेसंबंधी आयईसी ६०२०४-१ या मानकानुसार लाल रंग आणीबाणीचा. यंत्र सुरू करण्यासाठी लाल बटण चालत नाही. पांढरे, राखी, काळे किंवा हिरवे चालते. आपल्याकडील विद्युत उपकेंद्रांच्या पटलांवर मात्र उलट रिवाज रुजला आहे. तेथे लाल दिवा म्हणजे मंडल चालू, हिरवा म्हणजे बंद. साधे बटण आणि वेगळा दिवा असतो तोवर या दोन पद्धती कशाबशा एकत्र नांदतात. दिवा बटणातच आला की पेटलेले लाल बटण 'यंत्र चालू आहे' असे सांगते की 'येथे दाबून थांबवा' असे, हा प्रश्न उभा राहतो. डाळ गिरणीतून शीतगृहात कामाला आलेला माणूस जुन्या सवयीनेच हात घालणार. एका आवारातील सर्व पटलांवर एकच संकेत ठेवणे आणि बटणाशेजारी मराठी व हिंदीत नाव लिहिणे, एवढाच उपाय आहे.

आणीबाणीच्या थांब्याचा लाल रंग त्याच्या दिव्यावर अवलंबून असता कामा नये, असेही हे मानक सांगते. दिवा गेला तरी पिवळ्या पार्श्वभूमीवरील डोके लालच दिसले पाहिजे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २४ ने प्रत्येक कार्यकक्षात आणीबाणीत वीज तोडण्याची सोय बंधनकारक केली होती. तरीही थांबा दाबून वाहकपट्ट्यात हात घालणे धोक्याचेच, कारण त्याने मुख्य पुरवठा तुटतोच असे नाही. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच पाडून त्याला कुलूप लावले पाहिजे.

छिद्र २२.३ मिलिमीटरचे

बटण बसविण्यापूर्वीही हाच नियम. पुरवठा तोडावा, कुलूप लावावे आणि मल्टिमीटरने खात्री करावी. निऑन टेस्टर पेटला नाही एवढ्यावर विसंबू नये. सर्वाधिक वापरातील '२२ मिलिमीटर' बटणाला प्रत्यक्षात २२.३ मिलिमीटरचे छिद्र लागते आणि ते ०.४ मिलिमीटरपर्यंतच मोठे चालते. शेजारच्या छिद्राच्या केंद्रापासून आडवे ३० व उभे ४० मिलिमीटर अंतर सोडावे. छिद्राची कड कानशीने साफ न केल्यास पत्र्याचे दात रबरी चकती कापतात आणि आयपी-६५ हे संरक्षण कागदावरच उरते. हे संरक्षण पटलाच्या पुढच्या बाजूपुरतेच असते, हेही विसरले जाते. मागची टोके धूळ व ओल यांना उघडीच असतात. न वापरलेले एक छिद्र झाकायचे राहिले तरी मिरचीची भुकटी आत शिरतेच. मागची कडी बटणासोबत मिळणाऱ्या पान्याने आवळावी, पक्कडीने नव्हे. पटलाचे दार धातूचे असेल तर बिजागरीवर न विसंबता लवचिक तारेने ते भूसंपर्कित करावे.

संपर्कावरील '१० अँपिअर' हा आकडा फसवा आहे. ए-६०० वर्गातील तोच संपर्क २४० व्होल्ट एसीला काँटॅक्टरच्या गुंडाळीसारखा भार ३ अँपिअरपर्यंतच तोडू शकतो. डीसीला तर ही क्षमता आणखी घसरते. क्यू-६०० वर्गात २५० व्होल्टला ती ०.२७ अँपिअर आहे. मोटर थेट बटणावर चालविण्याचा मोह टाळावा.

लांब केबलवरून २३० व्होल्ट एसीने पेटणारा एलईडी बंद असतानाही मंद मिणमिणतो. शेजारच्या तारांतून येणारा क्षीण प्रवाह त्याला पुरतो. त्याला भुताटकी म्हणून सोडून देऊ नये. पाहणारा बंद यंत्राला चालू समजतो. दिव्यासाठी वेगळी केबल किंवा २४ व्होल्ट डीसी हा मार्ग बरा.

अमोनिया आणि पितळ

अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात आणखी एक शत्रू असतो. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. तबेल्यांत घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचे कारण, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. बटणाच्या टोकांतही तांबे व पितळच असते. यंत्रकक्षाच्या आसपास मुलामा दिलेली टोके आणि बंदिस्त पेटी घ्यावी. थंड खोलीत जाणाऱ्या नळीचे तोंड उबदार बाजूस मस्तकीने बुजवावे, अन्यथा दमट हवा नळीतून आत येऊन पेटीत पाणी होऊन साचते. काचेसारखे दिसणारे डोके बहुधा पॉलिकार्बोनेटचे असते. ते थिनर किंवा पेट्रोलने पुसल्यास तडकते, ओले फडके पुरे.

तपासणीसाठी दोन माणसे लागतात. रोज सायंकाळी दार लावण्यापूर्वी एकाने आत राहून खोलीचे दिवे मालवायचे, बटण दिसते का ते पाहायचे आणि ते दाबायचे. दुसऱ्याने भोंग्यापाशी उभे राहून तो ऐकू आल्याची नोंद, वेळेसह, वहीत करायची. त्यानंतर आत गेलेल्यांची आणि बाहेर आलेल्यांची संख्या जुळली, तरच दाराला कुलूप लागते.